शिलाईचं दुकान: कोणत्या कामावर जोर द्यावा, आणि "हे चालेल का" ही धाकधूक कशी आवरावी?

धावदोरा

नमस्कार. तालुक्याच्या गावात माझं शिलाईचं छोटं दुकान आहे. मोटरचं एक जुकी मशीन, एक पायाचं, एक ओव्हरलॉक (कापडाची कड बांधणारं) आणि एक पिको. गाळ्याचं भाडं ४,५०० रुपये. हुक, हेम, तुरपाई या हातशिलाईला एक ताई आहेत, त्यांना नगावर पैसे देते.

सध्याचे दर असे: अस्तराचा ब्लाउज ३५० (अस्तर माझं), प्रिन्सेस कट ५५०, पंजाबी ड्रेस ४५०, फॉल-पिको १२०, शिवलेली नऊवारी १,२००, अल्टरेशन ३० रुपयांपासून. जूनमध्ये गणवेशही घेते, एका शर्टाचे १५० मिळतात.

पितृपक्ष चालू आहे, दुकानात शुकशुकाट आहे. असे दिवस आले की डोक्यात तेच ते फिरतं. दर जास्त आहेत का? बाजारपेठेत नवं बुटीक उघडलंय, ऑनलाइन तयार ब्लाउज मिळतात, मग आपल्याकडे कोण येणार? एम्ब्रॉयडरीचं मशीन घ्यावं का? की सगळं सोडून गणवेशच धरावेत? घरचे म्हणतात, नोकरी बघ. आणि काम असतं तेव्हाही एका जागी बसून काम होत नाही. एक ब्लाउज अर्धा, तेवढ्यात कुणीतरी चेन बदलायला येतं, मग व्हॉट्सॲपवर डिझाइनचे फोटो. संध्याकाळी बघावं तर पुरं काहीच झालेलं नसतं.

कोणत्या कामावर लक्ष द्यायचं हे ठरवायची काही पद्धत आहे का? "आत्मविश्वास ठेव" हे सगळेच सांगतात. मला नेमकं काय करायचं ते हवंय.

---

वहीखातं

ताई, तुमचे दर जास्त आहेत की कमी, हे बुटीकच्या पाटीवरून कळणार नाही. ते तुमच्या मिनिटांवरून कळेल. तुमच्या धंद्यात विकायला एकच गोष्ट मोजकी आहे, ती म्हणजे तुम्ही मशीनवर आणि कटिंगच्या टेबलावर घालवलेला वेळ. म्हणून प्रत्येक काम त्या मोजमापावर तोलून पाहा.

आधी महिन्याचा ठरलेला खर्च मांडा. भाडं तुम्ही दिलंय, बाकीचे आकडे मी अंदाजाने धरतो, तुमचे खरे घाला. भाडं ४,५००, वीज १,१००, दोरा-सुया-तेल ९००, मशीन दुरुस्तीसाठी बाजूला ५००, फोन आणि पिशव्या ४००. झाले ७,४००. यात तुमचा स्वतःचा पगार घाला. हा आकडा बहुतेक जण घालतच नाहीत, म्हणून धंदा नफ्यात की तोट्यात हे त्यांना कधी कळत नाही. समजा १८,००० धरला. एकूण २५,४००.

आता तास. २६ दिवस, रोज ७ तास म्हणजे १८२ तास. पण मापं घेणं, ट्रायल, बोलणं, दोरा आणायला जाणं यांतच बराच वेळ जातो. शिलाई आणि कटिंगला साधारण ६० टक्के उरतात, म्हणजे ११० तास. २५,४०० भागिले ११० म्हणजे तासाला २३१, मिनिटाला साधारण ३ रुपये ८५ पैसे. ही तुमची रेघ. जे काम मिनिटाला याहून कमी देतं ते तुमच्या पगारातून पैसे खातं.

तुमचे दर या रेघेशी लावून पाहू. मिनिटंही अंदाजाची आहेत.

अस्तराचा ब्लाउज: ३५० मधून अस्तर ५० आणि हातशिलाई ४० गेले, उरले २६०. कटिंग २० आणि शिलाई ८० मिनिटं. मिनिटाला २.६०.

प्रिन्सेस कट: ५५० मधून १०० वजा, ४५० उरले, १२५ मिनिटं. मिनिटाला ३.६०.

पंजाबी ड्रेस, अस्तराशिवाय: ४५० मधून हातशिलाई २०, उरले ४३०, १५० मिनिटं. मिनिटाला २.८७.

फॉल-पिको: १२० मधून फॉल २५, हाताने फॉल लावायचे ४०, उरले ५५. पण तुमची मिनिटं फक्त १२. मिनिटाला ४.५८.

नऊवारी: १,२०० मधून नाडी, इलॅस्टिक, कॅनव्हास ६०. उरले १,१४०, १५० मिनिटं. मिनिटाला ७.६०.

गणवेशाचा शर्ट, थर लावून एकदम कापला तर: १५० मधून बटणं-काजं-कॅनव्हास १५, उरले १३५, ४५ मिनिटं. मिनिटाला ३.

अल्टरेशन: ३० रुपये, १५ मिनिटं. मिनिटाला २.

म्हणजे ज्या ब्लाउजवर दुकान चालतं असं वाटतंय, तोच रेघेच्या बराच खाली आहे. १०० मिनिटांचे ३८५, त्यात अस्तर आणि हातशिलाईचे ९० मिळवले की ४७५ होतात. तुम्ही घेता ३५०. तुमच्या मनातली धाकधूक उगाच नाही, पण ती भलत्याच जागी आहे. गिऱ्हाईक कमी पडतंय हा प्रश्न नाही. कामाने भरलेला महिनासुद्धा तुमचा पगार काढून देत नाही, हा आहे.

पुढचा एक महिना एक वही ठेवा: तारीख, काम, कटिंगची मिनिटं, शिलाईची मिनिटं, लागलेलं सामान, घेतलेले पैसे. मिनिटं अंदाजाने लिहू नका, मोबाइलचं घड्याळ लावा. मध्ये उठलात तर थांबवा. ३० नग नोंदले गेले की तुमची खरी रेघ समोर येईल, आणि कशावर जोर द्यायचा ते तीच वही सांगेल. नऊवारी महिन्याला किती येतात, तो आकडा वाढवता येतो का, हा पहिला विचार करण्यासारखा प्रश्न आहे. "गणवेशच धरावेत का" याचं उत्तरही बरंचसं वर आलंय.

---

कैची

वरचा हिशेब बरोबर आहे, पण दर वाढवायच्या आधी मिनिटं कमी करा. १०० मिनिटांचा ब्लाउज ८५ वर आला तर तोच ब्लाउज ४१७ रुपयांत परवडतो. मग दर ४३० ठेवला तरी तुम्ही रेघेच्या वर आहात.

मिनिटं जातात कुठे? शिलाईत फार नाही, बदलात जातात. एक नग कापायचा, शिवायचा, मग दुसरा कापायचा. दर वेळी दोरा बदल, बॉबिन भर, इस्त्री तापव, टेबल आवर. हे असं करा:

आठवड्यातून दोन दिवस सकाळी फक्त कटिंग. सहा-आठ ब्लाउज एकदम. आमच्याकडे बऱ्याच गावांत दुरुस्तीसाठी वीज जाण्याचा वार ठरलेला असतो, तुमच्याकडे तसा असेल तर तोच कटिंगचा दिवस धरा. कापलेला प्रत्येक ब्लाउज त्याचं अस्तर, हुकपट्टी, पायपिंग आणि मापाच्या चिठ्ठीसकट वेगळ्या पिशवीत घाला. पिशवीवर नंबर आणि द्यायची तारीख.

अस्तर आदल्या दिवशी भिजवून ठेवा. सुती रुबिया अर्धा तास साध्या पाण्यात, सावलीत वाळवून इस्त्री. हे टाळलं की पहिल्या धुण्यात अस्तर आकसतं, वरचं कापड चुण्या धरतं आणि ब्लाउज परत येतो. सहा ब्लाउजांचं अस्तर एकदम भिजवायला जेवढा वेळ लागतो तेवढाच एकाला लागतो.

शिवताना रंगाने लावा: लाल-मरून-राणी एकत्र, हिरवे एकत्र. सुईनेही लावा. पैठणी आणि रेशमी कापडाला ११ नंबर, सुती कापडाला १४. रेशमाला जाड सुई लावली तर भोकं दिसतात आणि जरीचा धागा ओढला जातो. बोथट सुईने धागा सुटतो. सुई स्वस्त आहे, रेशमी नग हातात घेताना नवी लावा.

मग भाग लावून शिवा. आधी सगळ्यांचे टक्स किंवा कटोऱ्या, मग सगळ्यांचे गळे, मग खांदे, मग बाह्या, शेवटी बगलेची शिलाई. एकाच हालचालीत हात बसतो आणि मनही भरकटत नाही. एका जागी बसवत नाही, याचं अर्धं कारण हेच असतं की पुढे काय करायचं हे दर दहा मिनिटांनी नव्याने ठरवावं लागतं. पिशव्या क्रमाने लावलेल्या असल्या की ठरवायचं काही उरत नाही.

गिऱ्हाइकाच्या वेळा पाटीवर लिहा: मापं आणि डिलिव्हरी दुपारी ४ ते ७. सकाळी ९.३० ते १२.३० मशीन. सकाळी कुणी आलंच तर कापड ठेवून घ्या, माप संध्याकाळी. फोन सकाळी एकदा आणि दुपारी जेवणानंतर एकदा बघायचा. डिझाइनचा फोटो एकच, आणि तो ऑर्डर देतानाच. वहीत त्या नंबरपुढे लिहा: पुढचा गळा ७ इंच, मागचा ९, दोरी हवी, लटकन नको. कटिंग झाल्यावर डिझाइन बदलणार नाही, हे पावतीवर छापून घ्या.

आणि ही अल्टरेशनं बंद करा. मिनिटाला दोन रुपये देणारं काम, वर ते प्रत्येक वेळी मशीनवरून उठवतं.

---

काजबटण

कैचीदादांचं बाकी सगळं मान्य, पण अल्टरेशन बंद करायला माझा विरोध आहे. शहरात ठीक आहे. तालुक्याच्या गावात ज्या बाईच्या ड्रेसची चेन तू बदलून देतेस, तीच वैशाखात मुलीच्या लग्नाचे ब्लाउज घेऊन येते. ऑनलाइन मागवलेला तयार ब्लाउजही फिटिंगला तुझ्याकडेच येतो. त्या बाईला तिथेच दाखवता येतं की तयार ब्लाउज दोन-दोन इंचांच्या मापात येतो, बाही आणि मुंढा (बाही जोडतो तो घेर) तिच्या अंगाचा नसतो. पैठणीला जोडून आलेला ब्लाउजपीस तर कुणीतरी शिवायलाच हवा. तयार ब्लाउजची भीती बाळगायची ती फक्त रोजच्या वापराच्या साध्या ब्लाउजपुरती.

म्हणून अल्टरेशन ठेव, पण एकाच वारी. समजा बुधवारी. बाकी दिवशी कपडा घ्यायचा, चिठ्ठी लावायची, टोपलीत टाकायचा. आणि कमीत कमी दर ६० रुपये. १५ मिनिटांचे ३.८५ ने ५८ होतात, म्हणजे ते रेघेवर येतं. ज्यांना ६० जास्त वाटतील ते येणार नाहीत, त्यांचं वाईट वाटून घेऊ नकोस.

आता दुसरी गोष्ट, जी कुणी बोललं नाही. "मला जमत नाही" ही शंका बहुतेक वेळा परत आलेल्या कपड्यातून येते. एक ब्लाउज परत आला की दिवसभर हात चालत नाही. यावर उपाय म्हणजे परतीची वही. ब्लाउज परत आला की नंबर, काय बिघडलं, कुठे, एवढंच लिहायचं. दहा नोंदी झाल्या की बघ. त्या कधीच दहा वेगळ्या नसतात, दोन-तीन कारणंच पुन्हा पुन्हा दिसतात.

मुंढा काचतो: पुढचा मुंढा मागच्यापेक्षा साधारण अर्धा इंच जास्त खोल कापला नाही, किंवा दंडाचा घेर हात खाली सोडून घेतला. हात थोडा वाकवून घे.

खांदा उतरतो: पुढचा आणि मागचा दोन्ही गळे खोल आणि रुंद. दोन्ही हवे असतील तर मागे दोरी सांगायची, नाहीतर खांद्याची रुंदी अर्धा इंच आत घ्यायची. ऑर्डर घेतानाच हे बोलायचं.

छातीचं टोक भलतीकडे बसतं: खांद्यापासून टोकाची उंची आणि दोन टोकांतलं अंतर ही दोन मापं घेतलीच नाहीत, जुन्या ब्लाउजवरून अंदाज केला. मापाचा ब्लाउज कितीही चांगला असला तरी ही दोन मापं अंगावरूनच घे. लग्नासाठीचा ब्लाउज ज्या आतल्या कपड्यावर घालणार तोच घालून यायला सांग.

पोट-छाती घट्ट: बगलेत माया (शिलाईच्या आत राखलेलं जादा कापड) नाही. दोन्ही बाजूंना एक-एक इंच माया आत ठेव, आणि तिच्यावर ओव्हरलॉक मार म्हणजे सैल करताना धागे सुटत नाहीत.

दहापैकी सहा नोंदी मुंढ्याच्या निघाल्या तर तुझी कला कमी नाही, मुंढ्याचा आराखडा दुरुस्त करायचाय. तो एकदा कागदावर काढून, पुठ्ठ्यावर कापून ३२, ३४, ३६, ३८, ४० अशा मापांत टांगून ठेव. शंका एका दुपारच्या कामावर येते.

---

वहीखातं

काजबटण यांचं अल्टरेशनचं म्हणणं पटलं. आता पितृपक्षाबद्दल, कारण "सोडून द्यावं का" हा विचार नेमका याच दिवसांत येतो.

शिलाईचं वर्ष इंग्रजी महिन्यांवर चालत नाही, पंचांगावर चालतं. संक्रांतीला काळे ब्लाउज, तुळशीच्या लग्नापासून आषाढीपर्यंत लग्नसराई, जूनमध्ये गणवेश, श्रावणात मंगळागौरीच्या नऊवारी, मग गौरी-गणपती, नवरात्राचे नऊ रंग, दिवाळी. आषाढाचा उत्तरार्ध आणि पितृपक्ष हे रिकामेच असतात. त्यामुळे "या सप्टेंबरमध्ये गेल्या सप्टेंबरपेक्षा कमी झालं" ही तुलना फसवी आहे. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला आलं. २०२४ मध्ये ते १ नोव्हेंबरला होतं, यंदा, म्हणजे २०२५ मध्ये, २१ ऑक्टोबरला आहे. यंदा नवरात्र २२ सप्टेंबरला बसतंय, पुढच्या वर्षी ११ ऑक्टोबरला. दिवाळीचे ब्लाउज एका वर्षी ऑक्टोबरच्या हिशेबात पडतात, दुसऱ्या वर्षी नोव्हेंबरच्या.

म्हणून तुलना सणाची सणाशी करा. गणपतीच्या आधीचे २१ दिवस गेल्या वर्षीच्या त्याच २१ दिवसांशी. आणि धंदा ठेवायचा की नाही हा निर्णय बारा महिन्यांच्या बेरजेवर घ्या, रिकाम्या पंधरवड्यात नाही.

पैशाची सोय अशी: दुकानाचं बँक खातं वेगळं, क्यूआर कोड त्याच खात्याचा. घरखर्चाला त्यातून महिन्याच्या १ तारखेला ठरलेला पगार काढायचा, लग्नसराईतही तेवढाच. वरचे पैसे तिथेच साठू द्या. तीन महिन्यांचा ठरलेला खर्च, तुमच्या बाबतीत साधारण २२,०००, शिल्लक असला की रिकामा पंधरवडा अंगावर येत नाही.

पुढच्या वर्षासाठी एक गोष्ट आत्ताच लिहून ठेवा. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आहे, १७ मे ते १५ जून. अधिक महिन्यात लग्नं होत नाहीत, म्हणजे लग्नसराईचा ऐन महिना कोरडा जाणार. फेब्रुवारी-मार्च-एप्रिलची कमाई त्या हिशेबाने राखून ठेवा.

सरकारी बाजू थोडक्यात. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) करून घ्या, ती सरकारी पोर्टलवर पूर्ण फुकट होते. पैसे मागणाऱ्या साइटवर जाऊ नका. गिऱ्हाइकाच्या कापडावर शिवणं ही सेवा धरली जाते आणि वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, तिच्या १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे. नोंदणी सीएससी केंद्रावर (कॉमन सर्व्हिस सेंटरवर) होते. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० पर्यंत, आणि ५ टक्के व्याजाने पहिलं कर्ज १ लाखापर्यंत, १८ महिन्यांत फेडायचं. कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो. आणि मुद्रा कर्ज चालू असेल तर ते आधी पूर्ण फेडावं लागतं, म्हणून कुठलं कर्ज आधी घ्यायचं हे ठरवूनच अर्ज करा.

---

धावदोरा

सगळ्यांचे मनापासून आभार. वही आजच सुरू केली. तीन प्रश्न उरलेत.

१. जुन्या गिऱ्हाइकांना ३५० वरून ४३० कसं सांगू? दिवाळी तोंडावर आहे.
२. एम्ब्रॉयडरी मशीनचं काय?
३. एक शाळा गणवेशासाठी विचारते आहे, कापडासकट. घ्यावं का?

---

काजबटण

दर दिवाळीच्या गर्दीत बदलू नकोस. घेतलेल्या ऑर्डरी जुन्याच दराने दे. आजपासून पाटी लाव: "५ नोव्हेंबरपासून नवे दर". तोवर तुळशीची लग्नं आटोपतील आणि लग्नाच्या ऑर्डरी यायला लागतील, त्या नव्या दराने येतील.

पाटीवर नुसतं "ब्लाउज ४३०" लिहू नको. तुकडे पाडून लिही: शिलाई ३८०, अस्तर ५०. पायपिंग ४५ वेगळे, कारण त्याला १२ मिनिटं जातात. दोरी-लटकन वेगळं, बाहीला लेस वेगळी. आत्ता हे सगळं तू ३५० मध्ये फुकट करते आहेस, बरोबर ना? दर वाढवला असं ज्याला वाटेल, त्याला साधा ब्लाउज किती आणि आपण मागतोय ते किती, हे पाटीवरच दिसतं. दुकानात घासाघीस करायला तोंड उघडावं लागत नाही.

कुणी म्हणालं "तिकडे ३०० मध्ये होतं", तर एकच वाक्य: "हो, त्यांचा दर तेवढा असेल, माझा हा आहे, आणि फिटिंग बसेपर्यंत पुन्हा पैसे घेत नाही." आणि खरंच घेऊ नकोस. निम्मे पैसे आगाऊ मात्र सगळ्यांकडून. आगाऊ न दिलेले ब्लाउज महिनोन्महिने टांगलेले राहतात, त्यात तुझं अस्तर आणि मिनिटं अडकतात.

---

कैची

एम्ब्रॉयडरी मशीनबद्दल. अशा प्रश्नांसाठी वहीचं शेवटचं पान ठेवा. तीन रकाने: प्रश्न, कोणता आकडा उत्तर देईल, कोणत्या तारखेला ठरवायचं. तारीख येईपर्यंत त्यावर डोकं चालवायचं नाही, फक्त आकडा भरायचा. रात्री झोपताना मशीनचा विचार आला तर पानावर आहे, एवढं पुरतं.

इथला आकडा असा: किती गिऱ्हाइकांनी वर्क (भरतकाम) मागितलं आणि किती पैसे द्यायची तयारी दाखवली. ६० दिवस नोंदा. तोवर काम नाकारू नका, बाहेरच्या आरी कारागिराकडून (आरीच्या सुईने हाताने भरतकाम करणाऱ्याकडून) करून घ्या. त्याच्या दरावर १५-२० टक्के चढवा, कारण नेणं-आणणं आणि कापड बिघडलं तर जबाबदारी तुमची आहे. कापड त्याला कापून देऊ नका. ब्लाउजचा आकार खडूने आखून अख्खा तुकडा द्या. आरीला कापड फ्रेमवर ताणतात, कापलेला मुंढा तिथे तिरका होतो. वर्क झाल्यावर मग कापा. खांद्याच्या आणि बगलेच्या रेघेपासून अर्धा इंच कोरा ठेवायला सांगा, नाहीतर सुई मण्यांवर आपटून तुटते.

लग्नसराई सोडून सलग तीन महिने तुम्ही कारागिराला देत असलेले पैसे मशीनच्या हप्त्याच्या दीडपट झाले, तर मशीन घ्यायचा विचार करा. त्याच्या खाली नाही. मशीन चालवायलाही तुमचीच मिनिटं लागणार आहेत.

तारखांबद्दल राहिलंच. तुमचे महिन्याचे ११० तास म्हणजे दिवसाला साधारण २५० मिनिटं. डायरीत प्रत्येक तारखेपुढे ऑर्डर लिहिताना नगाबरोबर मिनिटंही लिहा: ८५, ८५, १२. दोनशे झाली की ती तारीख बंद. उरलेली ५० परतीच्या आणि तातडीच्या कामाला. दिवाळीच्या आधी "बघू, करून देते" असं म्हणत ४०० मिनिटांची तारीख भरली जाते, आणि मग "उद्या या" सुरू होतं. नवं बुटीक जे गिऱ्हाईक नेईल ते बहुतेक या "उद्या या" मुळे नेईल.

---

वहीखातं

शाळेबद्दल. कापडासकट घेऊ नका, निदान पहिल्या वर्षी. १०० मुलांचं कापड म्हणजे मोठी रक्कम आधी तुमच्या खिशातून जाणार. शिवाय रंगाची छटा थोडी जरी वेगळी आली तर सगळा माल अंगावर. कापड शाळेने किंवा पालकांनी द्यावं, तुम्ही फक्त शिलाई घ्यावी. ५० टक्के आगाऊ, ४० टक्के माल दिल्यावर, १० टक्के मापाच्या तक्रारी मिटल्यावर, असं एका कागदावर लिहून मुख्याध्यापकांची सही घ्या.

उद्यम नोंदणी असेल तर २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्याने खरेदीदाराला लेखी करारात जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशिराला व्याज लागतं, तक्रार सरकारी पोर्टलवर करता येते. पण गावातल्या शाळेशी तक्रारीपर्यंत जायची वेळ आणू नका, आगाऊ रक्कम हाच खरा आधार.

दर १५० राहिला तर मिनिटाला ३ रुपयेच पडतात. शर्टाला १९० मागा: सामान १५ गेलं की १७५ उरतात, ४५ मिनिटांत मिनिटाला ३.८९. त्याखाली मिळत असेल तर काजं आणि कॉलर बाहेर करून तुमची मिनिटं ३५ वर येतात का, ते आधी दोन नमुने शिवून घड्याळ लावून पाहा.

मापं प्रत्येक मुलाची घेऊ नका. २२ ते ३६ पर्यंत आठ मापांचे नमुने शिवून शाळेत न्या, मुलांना घालून पाहू द्या आणि यादीत फक्त नंबर लिहा. लांबीला दीड इंच दुमड ठेवा, मुलं वर्षात वाढतात.

हे काम पुढच्या वर्षी तुम्हाला सोयीचं आहे. लग्नांची कामं मेच्या मध्यापर्यंत हातावेगळी होतील, अधिक महिना लागेल आणि शाळा जूनच्या मध्याला उघडतील. ते चार आठवडे मशीन मोकळंच असणार. शाळेशी बोलणी फेब्रुवारीत करा, नमुने वार्षिक परीक्षांआधी दाखवा, यादी आणि आगाऊ रक्कम एप्रिलच्या शेवटी हातात घ्या. मेमध्ये शाळा बंद असते, तेव्हा सही करायला कुणी भेटत नाही.